हुकूम डाव्याचा

वास कुठून येतोय ते मला कळेना.

आधी वाटलं, पोरीचाच. रेणू तेव्हा पाच महिन्यांची होती. दूध पिऊन झालं की थोडं बाहेर टाकायची आणि ते तिच्या मानेच्या वळ्यांत जाऊन बसायचं. मी एकेक वळी उघडून पुसली, पावडर लावली. वास तसाच. मग दुपटी हुंगली, गोधडी उन्हात टाकली, उंदीर मेलाय का म्हणून पलंगाखाली केरसुणी फिरवली. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढं भाकऱ्या थापत होत्या. मी इतकं काय शोधतेय ते त्यांनी एकदाही विचारलं नाही.

"आत्ती, तुम्हाला वास येत नाही?"

"बाळंतिणीचं नाक लई तिखट असतंय," त्या तव्याकडंच बघत म्हणाल्या. "जा, न्हाऊन घे."

अंगणात आबा बूट पॉलिश करत बसले होते. आबा म्हणजे माझे सासरे, हवालदार जानबा रेडेकर. पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी कापडाचं टोक बोटाला गुंडाळून बुटावर गोल गोल फिरवायची त्यांची सवय गेली नव्हती. रेणूला खांद्यावर घेऊन मी त्यांच्या बाजूनं गेले आणि थांबले. पॉलिशच्या वासाखाली तो दुसरा वास होता. डावा पाय उघडा होता आणि उजव्या पायात लोकरीचा मोजा.

"आबा, मोजा का घातलाय?"

"थंडी वाजती."

"चैत्रात?"

"एकाच पायाला वाजती," ते म्हणाले आणि रेणूला बघून त्यांनी बुटाची टाच तिच्यापुढं धरली. "बग गं, तोंड दिसतंय का तुजं?"

दुपारी ते सोप्यात आडवे झाले. घोरायला लागले. मी रेणूला पाळण्यात टाकलं आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसले. सुनेनं सासऱ्याच्या पायाला हात लावायचा तो सणासुदीला, नमस्कारापुरता. मी मोज्याची कड धरली आणि हळूहळू खाली ओढत नेली. टाचेच्या पुढं तो चिकटला होता. मी जरा जोर लावला. चिकटलेलं सुटलं, सुटताना आवाज झाला, आणि आबा घोरतच राहिले.

आधी मी त्या घोरण्यालाच भ्याले. तळव्याला एक खड्डा होता. कडेनं पांढरा, मध्ये काळपट. त्याच्या वरची दोन बोटं पिकून गळालेल्या जांभळासारखी झाली होती. एवढं होऊन माणसाला जाग येत नाही?

मोजा पुन्हा चढवायची मला हिंमत झाली नाही. मी धावत परसात गेले. आत्ती शेणी लावत होत्या.

"आत्ती, आबांचा पाय..."

"ठावं हाय मला." त्यांनी हातातली शेणी थापली. "चपलेचा खिळा लागला. शिमग्याच्या आधी."

"मग दवाखान्यात का नाही नेलं?"

"बोर्ड होईस्तवर थांबायचं हाय."

बोर्ड म्हणजे काय ते आमच्या गावात लहान पोरालाही कळतं. घरटी एक फौजी. आजऱ्याच्या बाजूचं डोंगरातलं गाव, भात पिकतं आणि पोरं भरतीला जातात. आबांचा डावा पाय सरहद्दीवरच्या एका उंच चौकीवर बर्फानं मारला होता. पाय राहिला, पण तळव्यातली जाण गेली आणि थंडीत नडगीपर्यंत ठणकायचा. घरी पाठवताना मिलिटरी डॉक्टरांच्या बोर्डानं कागदावर लिहिलं: डावा पाय, अपंगत्व तीस टक्के. त्या टक्क्यांची वेगळी पेन्शन मिळते. टक्के जन्माला चिकटतात. गावात माणसाची ओळख करून देताना सुद्धा, "हे पन्नासवाले, ते वीसवाले" असं चालायचं. आबांनी पुन्हा तपासणीचा अर्ज केला होता, आणि ती तारीख येत्या मंगळवारी होती.

"पण जखम उजव्या पायाला आहे," मी म्हणाले.

"पाय त्यो पाय. कॅप्टनसाहेब म्हणाले, ताजी जखम बघितली की बोर्डाला पाझर फुटतोय. बरी झाल्यावर काय दाखवणार?"

"आत्ती, पाय जाईल अशानं! एवढ्या पैशांसाठी..."

त्या एकदम ताठ झाल्या. शेणानं भरलेला हात तसाच हवेत.

"पैशाला कोण विचारतंय गं? त्या कागदावर तीस लिवलंय म्हणून इतकी वर्सं ह्यांनी तीसच दुखवून घेतलंय. थंडीत रात्रभर दात खातात, पर कधी हाय म्हटलं न्हाई. का? तर म्हणे, तेवढं सरकारनं धरलेलं न्हाई. आता एकदा तरी कुणी मोठ्या माणसानं म्हणू दे, जानबा, तुला लई दुखतंय म्हणून."



संध्याकाळी मी ह्यांना फोन लावला. माझे मालक, प्रल्हाद, फौजेत, तेव्हा आसामात होते. डोंगरावर चढून, एका फणसाच्या झाडाखाली उभं राहिलं की रेंज मिळायची. मी रेणूला छातीशी बांधून गेले.

"आबांचं आबांना कळतं," ते म्हणाले.

"त्यांना काही कळत नाही! मोजा ओढला तरी जाग आली नाही त्यांना!"

"कॅप्टनसाहेब काय म्हणतात?"

तिथंच माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "कॅप्टनसाहेबांचा पाय आहे का तो?" तेवढ्यात फोन कटला. त्यांनी कापला की डोंगरानं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

कॅप्टनसाहेब म्हणजे ऑनररी कॅप्टन दौलतराव होडगे. गावातला सगळ्यात वरचा हुद्दा. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसऱ्यांचे टक्के वाढवून देण्याचं व्रत घेतलं होतं. एक पैसा घेत नसत. कुणाच्या कानाचं, कुणाच्या मणक्याचं, कुणाच्या बीपीचं, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या रात्री जेवणानंतर ते आले आणि त्यांना विड्याचं पान लावताना मी मध्येच म्हणाले की उद्याच आबांना तालुक्याच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात नेते. फुकट आहे, कार्ड आहे.

"सूनबाई," ते समजुतीनं बोलले, "कार्ड मशीनमधी घातलं की नोंद होती. नोंद झाली की इलाज चालू. इलाज चालू म्हणजे सुधारणा. सुधारणा म्हणजे टक्का खाली. वरच्या आळीतल्या शिवाप्पानं कानाचं मशीन घेतलं, काय झालं?"

"काय झालं?"

"ऐकू यायला लागलं!" ते अशा आवाजात म्हणाले की जणू शिवाप्पाचं घर जळालं. "टक्के गेले. आता ऐकतोय बायकोच्या शिव्या."

आबा हसले. आत्तीही पदराआड हसल्या. मला हसू येईना. माझं दूध गळायला लागलं होतं, पदर ओला झाला होता, रेणू आत किरकिरत होती आणि मला एका जागी उभं राहता येत नव्हतं. आबांचं ते कार्ड मी ट्रंकेत पाहिलं होतं. त्याच्यावरचं प्लास्टिक सुद्धा निघालं नव्हतं.

"आबा, तुम्ही सांगा," मी म्हणाले. "येता का माझ्याबरोबर?"

आबांनी कॅप्टनसाहेबांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "मंगळवार लांब न्हाई, वृषाली. मंगळवारी तूच चल माज्यासंगं. पोरीलाबी घे. मोठा डॉक्टर तिथंच असतोय, बघंल की."

तेवढ्यावर मी मान्य केलं. ते दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. मी वारा देते म्हणून त्यांच्या पायाशी बसायची आणि काळं किती वर चढलं ते बघायची. मिठाच्या पाण्यानं धुऊ का विचारलं तर म्हणाले, "बोर्डानंतर."

मंगळवारी पहाटे जीपमध्ये आम्ही निघालो. पुढं ड्रायव्हर आणि कॅप्टनसाहेब, मागं मी, मांडीवर रेणू, आणि शेजारी आबा. कडक इस्त्रीची पँट, छातीवर मेडलांची फीत, आणि पायांत ते बूट. उजव्या बुटात त्यांनी पाय कसा कोंबला होता देव जाणे. आत्तींनी आत कापूस आणि कापूर घातला होता. घाटातल्या वळणांवर कापराचा वास यायचा आणि त्याच्यामागून दुसरा.

कॅप्टनसाहेब मागं वळून शिकवणी घेत होते.

"जानबा, आत जाताना लंगडायचं. मार्चिंग करायचं न्हाई."

"व्हय साहेब."

"हात भिंतीला टेकत जायचं."

"भिंत नसली तर?"

"तर दारातच बस. आणि हे बघ, कैसे हो विचारलं तर फर्स्ट क्लास म्हणायचं न्हाई! तुज्या तोंडाला फार सवय हाय."

"व्हय साहेब, फर्स्ट क्लास."

ड्रायव्हरला हसू आवरेना. आबा माझ्याकडं बघून डोळा मिचकावल्यासारखं करत होते. मला वाटलं, चला, माणूस तयारीत आहे. आज दाखवतील. आज संपेल.

लष्करी छावणीतलं ते हॉस्पिटल लांबलचक होतं. बैठी कौलारू इमारत, चुन्यानं रंगवलेल्या विटांच्या रांगा, आणि शांतता. कॅप्टनसाहेबांना आत सोडलं नाही. ते फौजी कॅन्टीनमध्ये स्वस्तातलं सामान घ्यायला गेले. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. तिथं आधीच आपल्याकडचे तीन-चार माजी फौजी होते.

"किती?" एकानं आबांना विचारलं. नाव नाही, गाव नाही.

"तीस. तुमचे?"

"चाळीस. हात." त्यानं न वळणारं कोपर दाखवलं. निपाणीकडचा होता. "ह्या म्हाताऱ्याचे विचारू नका, ह्याला ऐकू येत न्हाई. तोफखान्यातला हाय."

"काय?" शेजारचा म्हातारा म्हणाला.

"काही न्हाई!" निपाणीकर ओरडला, आणि हळूच आम्हाला म्हणाला, "किटली वाजली की पहिला हाच वळतोय बघा."

"साखर कमी घाला म्हणावं," म्हातारा म्हणाला. बाकावर हशा पिकला. आबाही मोकळे हसले. मी मात्र उठून येरझाऱ्या घालत होते. रेणूला झोपवायला म्हणून, असं दाखवत होते. ती झोपलेलीच होती.

"पोरगी, बस की," निपाणीकर म्हणाला. "तुजा बोर्ड हाय व्हय?"

तेवढ्यात आतून आवाज आला. "हवालदार रेडेकर!"

आबा उठले. दारापर्यंत हात भिंतीला टेकत, अगदी शिकवल्यासारखे लंगडत गेले. खोलीला ती मधल्या मध्ये हलणारी अर्धी दारं होती. आतला माणूस झाकला जायचा, खालून फक्त पाय दिसायचे. आबा दारातून आत गेले आणि दारं मागं झुलत राहिली. मी समोरच्या खांबापाशी जाऊन उभी राहिले.

आतले पाय मला दिसत होते. टेबलाखाली दोन जोड बूट, एक जोड बाईमाणसाचे. आणि त्यांच्यासमोर आबांचे. आत पाऊल पडताच ते लंगडायचे थांबले. दोन पावलं, तिसरं, आणि खट्! टाचा जुळल्या.

"कैसे हो, हवालदार?" जाड आवाज.

"फर्स्ट क्लास, साब!"



कागद उलटल्याचा आवाज. "लेफ्ट फुट. दिखाओ."

आबा वाकले. डाव्या बुटाची नाडी सुटली. डावा बूट निघाला, टाचेशी टाच लावून बाजूला ठेवला गेला. डावा मोजा निघाला, घडी होऊन बुटात गेला. आता डावा पाय उघडा आणि उजवा आरशासारख्या बुटात. बाईमाणसाचे बूट जवळ आले, गुडघे टेकले. त्या तळव्यावर काहीतरी टोचत होत्या.

"यहाँ लगता है?"

"नहीं साब."

"यहाँ?"

"नहीं साब."

मी मनात म्हणत होते, आता. आता बोला. दुसरा काढा. रेणू जागी झाली, चुळबुळ करायला लागली. मी तिच्या पाठीवर थापट्या मारत होते, जरा जास्तच जोरात.

"जैसा था वैसा ही है," त्या बाई म्हणाल्या.

"और कुछ?" जाड आवाजानं विचारलं.

"नहीं साब!"

डावा मोजा. डावा बूट. नाडी. खट्. आबा बाहेर आले. घामाचा एक थेंब कपाळावरून नाकापर्यंत आला होता, पण चेहऱ्यावर कसं म्हणू, काम उरकल्याचं समाधान.

"आबा, दाखवलात?"

"दाखवला."

"उजवा?"

ते माझ्याकडं असं बघायला लागले की जणू मी काहीतरी भलतंच विचारलं.

"हुकूम डाव्याचा हुता," ते म्हणाले.

"अहो, पण त्यांनी विचारलं ना, और कुछ म्हणून? मी ऐकलं!"

"त्ये विचारायचं नसतंय, पोरी. साहेब और कुछ म्हणाला की निघायचं असतंय. निघ, असं सांगायची ती तऱ्हा हाय."

"तुम्ही शिमग्यापासून तो पाय सडवत ठेवला. ह्या एका खोलीसाठी. आणि त्या खोलीत बूट काढला नाहीत?"

"डाव्याचा काढला की." त्यांचा आवाज बारीक झाला. मग त्यांनी मान खाली घातली. "साहेबापुढं उभं राहिलं की वृषाली, दुखलं म्हणायचं तोंडात येत न्हाई. ठरवून गेल्तो. जीपमधी घोकलं हुतं. आलंच न्हाई."

ते चालायला लागले. फाटकाच्या दिशेनं, ताठ. बाहेर कॅप्टनसाहेब भेटणार होते, जीप होती, घाट होता आणि घरी गेल्यावर पुढच्या अपिलाची तारीख येईपर्यंत पुन्हा तो मोजा. मला ते सगळं दिसलं. मी धावत पुढं झाले आणि त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"आबा, जरा बसा. पोरीला धरा. माझा हात भरून आलाय."

ते निमूटपणे बाकाच्या टोकाला बसले. मी रेणूला त्यांच्या मांडीवर दिली. पाच महिन्यांचं पोर मांडीवर असलं की माणसाला उठता येत नाही, मला ते चांगलं माहीत होतं. आणि मग मी खाली बसले, सगळ्यांच्या देखत, आणि त्यांच्या उजव्या बुटाची नाडी सोडली.

"वृषाली! काय करालीस? सोड!"

"पोरीला सांभाळा. पडेल."

त्यांनी रेणूला घट्ट धरलं. त्यांचे दोन्ही हात अडकले. मी बूट ओढला. निघेना. पाय आत सुजला होता. मी टाच धरून वळवला आणि ओढला आणि तो कापसासकट निघाला. मोजा ओला होता. मी तोही काढला.

 वास व्हरांडाभर पसरला. निपाणीकरानं नाक धरलं नाही. तो उठून उभा राहिला. मग दुसराही उठला. आबांनी डोळे मिटून घेतले होते, आणि रेणू त्यांच्या छातीवरच्या फितीचे रंग चिमटीत पकडत होती.

तो बहिरा म्हातारा मात्र जागचा हलला. तुरुतुरु गेला, ती अर्धी दारं ढकलली आणि तोफखान्यातल्या आवाजात ओरडला, "मॅडम! आदमी का पैर जा रहा है!"

आतल्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. मेजर होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. आल्या आल्या खाली बसल्या, पायाला हात लावला, दोन बोटांनी घोट्यापाशी काहीतरी चाचपून बघितलं. बराच वेळ.

"कब से?"

आबा डोळे उघडेनात.

"होलीसे," मी म्हणाले. माझं हिंदी तेवढंच.

"शुगर है इनको?"

"पता नहीं."

"कभी चेक नहीं कराया?" त्या आबांकडं वळल्या. "कार्ड तो है ना आपके पास? पॉलीक्लिनिक का?"

"है साब," आबा म्हणाले. "नया है."

त्यांनी मान वर करून पाहिलं. मग हळू विचारलं, "अंदर क्यों नहीं बताया?"

"पेपर में लेफ्ट था, साब."

त्यांना राग येईल असं मला वाटलं. आला असेलही.  पण त्यांनी मान वळवून स्ट्रेचर आणायला सांगितलं. आबा उठायला लागले, चालत येतो म्हणाले, तेव्हा मात्र त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात दाबला. "बैठिए. ये हुक्म है."

स्ट्रेचरवर झोपताना आबांनी विचारलं, "साब, ये बोर्ड में...?"

"ये पैर बोर्ड में नहीं है," त्या म्हणाल्या. "बोर्ड लेफ्ट का था. अभी इसको बचाना है, जितना बचे."

आबांनी मान हलवली. समजल्यासारखी.

ते आत गेले तेव्हा मी बाकावर बसले आणि तिथंच पदराआड रेणूला पाजायला घेतलं. निपाणीकर पाठ करून उभा राहिला, आणि त्याच्यामुळं बाकीचेही.  म्हातारा माझ्याजवळ चहाचा ग्लास ठेवून गेला आणि म्हणाला, "साखर जास्त घातली हाय."

तीन बोटं गेली आणि तळव्याचा पुढचा भाग. पाय राहिला. रक्तात साखर इतकी निघाली की तिथला नर्सिंगचा पोऱ्या आकडा वाचून पुन्हा तपासायला गेला; उजव्या पायाची जाण तिनंच मारली होती. बोर्डाचा निकाल नंतर टपालानं आला: डावा पाय, तीस टक्के, फरक नाही. उजवा त्यात नव्हता. तो नोकरीत असताना गेला नव्हता ना.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते ऑपरेशननंतरच्या सकाळचं. रेणू आता माझ्या खांद्याला लागते, आणि आबा तिला शाळेच्या एसटीपर्यंत सोडायला जातात, काठी टेकत, सावकाश. लोक विचारतात, म्हातारा इतका कसा बदलला? तालुक्याच्या दवाखान्यात ठरल्या वारी सगळ्यात आधी जाऊन बसतो, कार्डावरची अक्षरं पुसत आलीत. मी काही सांगत नाही. पण त्या सकाळी मी तिथं होते.

आत्ती पहिल्या एसटीनं आल्या होत्या आणि खाटेच्या पायथ्याशी बसून होत्या, पदराचं टोक तोंडात धरून. रेणू माझ्या कडेवर. भेटीची वेळ होती म्हणून आम्हाला आत सोडलं होतं. कॅप्टनसाहेब आले. रात्रभर जीपमध्येच झोपले असावेत, इस्त्री मोडली होती. खरं सांगते, मला त्यांची दया आली. ते आबांच्या उशाशी उभे राहिले, घसा खाकरला.

"जानबा, घाबरू नकोस. मी विचार केलाय. उजव्याचं वेगळं अपील टाकू. डाव्यावर भार देता येत न्हाई म्हणून सगळा भार उजव्यावर आला, म्हणून उजवा गेला. म्हणजे त्योबी फौजेतच गेला की न्हाई? बरोबर हाय ना? फक्त जखम लगेच भरू द्यायची न्हाई. ड्रेसिंग एक दिवसाआड करायचं, म्हणजे..."

 आबा त्यांच्याकडं बघत होते, तसंच, जसं त्या रात्री सोप्यात बघितलं होतं. हुद्द्यानं वरच्या माणसाकडं बघतात तसं. मी आत्तींकडं पाहिलं. आत्तींनी डोळे मिटले होते.

"साहेब," आबा म्हणाले.

"बोल."

"डाव्याचं काय करायचं त्ये करा. त्यो सरकारचा." ते थांबले. श्वास घेतला. "ह्याला हात लावू नका. ह्यो घरचा हाय."

कॅप्टनसाहेब तोंड उघडून उभे राहिले. मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि आत्तींच्या शेजारी स्टुलावर बसले.

मेजर मॅडम आल्या, मागं तो नर्सिंगचा पोऱ्या, ट्रॉलीवर कात्री, कापूस, एक वाटी. त्यांनी चादर वर केली. पट्टीवर तांबडं आणि पिवळं पाझरलेलं होतं.

"पहली ड्रेसिंग है," त्या म्हणाल्या. "दर्द होगा. जहाँ काटा है, वहाँ ज़िंदा है. ज़ोर से बोल सकते हैं, कोई बात नहीं."

आबांनी चादरीची दोन्ही टोकं मुठीत धरली. पोऱ्यानं पट्टीचं टोक शोधलं आणि सोडवायला सुरुवात केली. एक वेढा. दुसरा. आबांचा जबडा आवळला गेला, गालावरची शीर उडायला लागली. मी ते आत्तींकडून ऐकलं होतं, रात्रभर दात खातात म्हणून. मी वाट बघत उभी राहिले, ते आता गिळतील म्हणून.

त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"वृषाली, पोरीला जरा बाहेर ने," ते म्हणाले. "मी वरडणार हाय."

मी व्हरांड्यात आले. ऊन चढलं होतं. आतून आवाज आला. आधी दबका, मग मोठा, मग इतका मोठा की फाटकावरचा पहारेकरी वळून बघायला लागला. रेणूनं दचकून माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी तिचे कान झाकले नाहीत.